परतीची सोय आधी: विद्यापीठातल्या अप-डाऊनचं गणित

गाडी न्यायची की नाही हे माणूस सकाळी ठरवतो असं वाटतं, पण तो निर्णय संध्याकाळच्या धास्तीने झालेला असतो. काम संपवून हायवेवर उभं राहिलो आणि एकही एसटी थांबली नाही तर? दुपारी मुलाच्या शाळेतून फोन आला तर? अर्धा दिवस रजा टाकून तहसीलला जावं लागलं तर? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर पर्यावरण दिनाची शपथ, भित्तिपत्रकं आणि महिन्यातून एकदाचा 'नो व्हेईकल डे' यांचा काहीएक उपयोग होत नाही. त्या दिवशी लोक गाडी गेटबाहेर लावतात आणि चालत आत येतात, इतकंच.

कर्मचाऱ्यांनी एकट्याने गाडी आणण्याऐवजी बस, रेल्वे, सायकल किंवा सामायिक गाडीने यावं अशी योजना कशी आखायची, याचं हे टिपण खान्देशातल्या विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या आस्थापना विभागासाठी, हरित समितीसाठी आणि कर्मचारी संघटनेसाठी आहे. उदाहरणासाठी जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ घेतलं आहे, कारण त्याची जागा सगळ्यांना माहीत आहे: शहरापासून आठेक किलोमीटरवर, गिरणेचा पूल ओलांडून, राष्ट्रीय महामार्ग ५३ लगत, साडेसहाशे एकरांचं आवार. म्हणजे शहराबाहेर, हायवेवर आणि आतही पायपीट. अप-डाऊनच्या सगळ्या अडचणी इथे एकाच ठिकाणी सापडतात. धुळे, नंदुरबार, अमळनेरच्या गावातल्या कॉलेजांना यातलं निम्मंच लागू पडेल. त्यांनी सायकलचा भाग आधी वाचावा.

आधी मोजा, पण 'आवडेल का' असं विचारू नका

सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये 'बस सुरू केल्यास आपण वापराल का?' असा प्रश्न टाकला की शंभरातले नव्वद 'हो' लिहितात. पहिल्या आठवड्यात बसमध्ये अकरा जण असतात. माणूस खोटं बोलत नसतो. फुकटचा 'हो' द्यायला काही जात नाही, एवढंच. म्हणून इच्छा विचारू नका, काल काय केलं ते विचारा. एका पानावर आठ प्रश्न पुरतात: राहता कुठे (कॉलनी किंवा गाव, पूर्ण पत्ता नको), काल कशाने आलात, घरून किती वाजता निघालात, गाडीत किती जण होते, परत किती वाजता निघालात, वाटेत कुठे थांबावं लागतं, आठवड्यातून किती दिवस उशिरापर्यंत बसावं लागतं आणि गाडी नसती तर पहिली अडचण कोणती आली असती.

'वाटेत कुठे थांबावं लागतं' हा प्रश्न गाळू नका. आपल्याकडे बरेच कर्मचारी ऑफिस सुटल्यावर शेतावर जातात. कापसाला फवारणी, केळीच्या ठिबकचा वाल्व्ह, दुधाचा कॅन. अशा माणसाला रोज बसमध्ये बसवायचा आग्रह धरला तर तो योजनेतूनच जातो. त्याला आठवड्यातले दोन-तीन दिवस मागा, तेवढे तो देतो.

फॉर्म विभागवार जमा होतात, पण मांडणी रस्त्यावार करा. एका विभागातल्या दोघांची घरं एका दिशेला असतीलच असं नाही. आपल्या उदाहरणात साधारण पाच गट पडतात: हायवेला लागून राहणारे (खोटेनगर, दादावाडी, शिव कॉलनी, पिंप्राळा), शहराच्या पलीकडचे (महाबळ, मेहरूण, अजिंठा चौफुली), भुसावळकडून येणारे, धरणगाव-एरंडोल-अमळनेरकडचे आणि अगदी जवळचे बांभोरी-पाळधीचे.

फॉर्मसोबत गेटवरची मोजणीही हवी. दोन माणसं, एक वही, सकाळी सव्वानऊ ते पावणेअकरा, लागोपाठच्या दोन आठवड्यांत एकेक दिवस. दुचाकीवर एकटा, दुचाकीवर दोघे, मोटारीत एक, दोन, तीन किंवा जास्त, सायकल, पायी, एसटीतून उतरलेले, रिक्षातून उतरलेले, असे रकाने पाडून रेघा ओढायच्या. सोमवार आणि शनिवार टाळा. परीक्षेचे आणि कॅपचे (उत्तरपत्रिका तपासणीचे) दिवस टाळा, बाहेरून येणाऱ्यांची गर्दी आकडा फुगवते. दाट लग्नतिथीही टाळा, त्या दिवशी अर्धं ऑफिस नसतंच.

एक चूक नेहमी होते. कायम कर्मचाऱ्यांची यादी घेतली जाते आणि सुरक्षारक्षक, सफाई कामगार, बागकाम आणि मेसचे लोक सुटतात, कारण ते कंत्राटदाराच्या मस्टरवर असतात. हीच माणसं पायी, सायकलने नाहीतर ॲपे रिक्षात दाटीवाटीने येतात. ज्यांच्याकडे गाडी घ्यायला पैसे नाहीत ते आधीच शाश्वत प्रवास करत आहेत, आणि चार पैसे जमले की जुनी मोटारसायकल घेणार आहेत. त्यांच्या वाटेवर दिवे, उभं राहायला सावली आणि हायवे ओलांडायला सुरक्षित जागा दिली तर ती मोटारसायकल थोडी लांबते. खर्च कमी आणि परिणाम लगेच दिसतो, म्हणून सुरुवात इथूनच करा.

परतीची हमी

आता मुख्य कलम. जो कर्मचारी नोंदणी करून बसने, रेल्वेने, सायकलने किंवा दुसऱ्याच्या गाडीतून येतो, त्याला अडीअडचणीला घरी सोडण्याची हमी संस्थेने घ्यायची. वर्षातून चार वेळा. कारणं आधीच लिहून ठेवा: स्वतःचं किंवा घरच्यांचं आजारपण, मुलांच्या शाळेतून बोलावणं, साहेबांनी ऐनवेळी थांबवून घेणं, ज्याच्या गाडीतून आलो तो अचानक निघून जाणं. बाजारहाट किंवा बँकेचं काम यात बसत नाही.

सोय दोन प्रकारांनी करता येते. संस्थेच्या वाहनांपैकी एक दुपारी बारा ते सात राखीव ठेवायचं, किंवा गेटवरच्या चार-पाच रिक्षावाल्यांशी गावागणिक दर ठरवून महिन्याला बिल चुकतं करायचं. दुसरी पद्धत बहुधा बरी पडते. संस्थेची गाडी नेमकी त्याच वेळी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलेली असते.

योजना बुडते ती कागदांनी. तापाने फणफणलेल्या माणसाने अर्ज लिहायचा, विभागप्रमुखांची सही घ्यायची, मग कुलसचिव कार्यालयाची. तोवर त्याचा भाऊ मोटारसायकल घेऊन आलेला असतो आणि उद्यापासून तो स्वतःची गाडी आणतो. म्हणून अधिकार सुरक्षा चौकीवरच्या माणसाकडे द्या. वहीत नाव, वेळ, कारण आणि सही घेतली की रिक्षा निघाली पाहिजे. चौकशी नंतर करता येते.

लेखा विभाग विचारतो, साठ जणांना चार म्हणजे दोनशे चाळीस फेऱ्या, एवढी तरतूद कुठून आणायची? ती कमाल मर्यादा आहे. अशा हमीचा प्रत्यक्ष वापर फार कमी होतो, कारण लोकांना गाडीपेक्षा ती मिळेल याचा भरवसा हवा असतो. सुरुवातीला माणशी वर्षाला एक फेरी धरून रक्कम बाजूला ठेवा आणि सहा महिन्यांनी वही बघून आकडा दुरुस्त करा.

हमीच्या जोडीला मस्टरची सवलत लागते. नोंदणीकृत बस किंवा रेल्वे उशिरा आली तर बायोमेट्रिकवर दहा-पंधरा मिनिटांची सूट, तेवढा वेळ संध्याकाळी भरून काढायचा. हे तोंडी चालत नाही, परिपत्रक निघालं पाहिजे. तोंडी सवलत साहेब बदलले की संपते.

एसटीचा पास: कोणाला परवडतो, कोणाला नाही

एसटीचा मासिक पास म्हणजे वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास. तिमाही पास म्हणजे पन्नास दिवसांचं भाडं भरून नव्वद दिवस. सरसकट 'पास काढा' असं सांगण्याआधी गणित करून बघा.

पाच दिवसांचा आठवडा असेल तर महिन्यात साधारण बावीस कामाचे दिवस. पास वीस दिवसांच्या भाड्यात. फायदा दोन दिवसांचा, आणि दोन किरकोळ रजा टाकल्या की तोही गेला. सहा दिवसांचा आठवडा असेल तर पंचवीस दिवस पडतात आणि पाच दिवसांचं भाडं वाचतं. तिमाही पास मात्र दोन्हीकडे परवडतो: पाच दिवसांच्या आठवड्यातही तीन महिन्यांत साठ-पासष्ट दिवस भरतात आणि भाडं पन्नासचंच जातं. फक्त तो दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीवर चढणार नाही असा काढायचा.

महिलांचं गणित वेगळं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. बावीस दिवस रोज अर्धं तिकीट काढलं तरी एकूण अकरा दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढे पैसे जातात. वीस दिवसांचं पूर्ण भाडं भरून पास काढण्यात त्यांना तोटाच आहे. हे न सांगता सगळ्यांचे पास एकगठ्ठा काढून दिले तर निम्मी मंडळी पुढच्या महिन्यात नाराज.

दुसरा प्रश्न थांब्याचा. हायवेवरून धुळे-जळगाव गाड्या दिवसभर धावतात, पण गाडी समोरून जाणं वेगळं आणि ती थांबणं वेगळं. चालकाच्या मर्जीवर थांबणारी बस ही सोय नव्हे. विभाग नियंत्रकांना अर्ज द्या, प्रत आगार व्यवस्थापकांना. अर्जात 'कर्मचाऱ्यांची गैरसोय होते' एवढंच लिहिलं तर तो फाईलला लागतो. त्यात हे असू द्या: सकाळी कोणत्या पंधरा मिनिटांत किती जण उतरणार, संध्याकाळी किती चढणार, त्यातले किती जण तिमाही पास काढायला तयार आहेत (सह्यांची यादी जोडा), थांबा नेमका कुठे हवा आणि तिथे बस बाजूला घेता येईल एवढी जागा आहे का. शेवटची बाब महत्त्वाची. हायवेवर भरधाव ट्रक मागे असताना चालक मध्येच थांबत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. संस्थेने स्वतःच्या जागेतून बस-बे (बस रस्त्याबाहेर घेऊन थांबवायची जागा) काढायची तयारी दाखवली तर चर्चा पुढे सरकते.

थांब्यावर नुसत्या पत्र्याची शेड टाकू नका. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला की पत्र्याखालचा माणूस वरून भाजतो. पत्र्याच्या खाली बांबूच्या तट्ट्यांचा किंवा जाड गवताचा दुसरा थर द्या, मध्ये वीतभर हवा खेळती ठेवा. लोक थांब्यावर मुख्यतः संध्याकाळी उभे असतात आणि ऊन तेव्हा पश्चिमेकडून येतं, म्हणून भिंत पश्चिमेला. एक रांजण आणि तो रोज भरणारा माणूस. मागे दोन कडुनिंब लावून ठेवा, पाच-सहा वर्षांनी शेडची गरजच कमी होईल.

एसटी जमत नसेल आणि भुसावळसारख्या एका दिशेला माणसं पुरेशी असतील तर भाड्याची मिनीबस लावता येते. भाडं वाटताना नोंदणीचा आकडा धरू नका, त्याच्या तीन चतुर्थांश धरा. चाळीस नावं आली तर तीस जण नियमित पैसे देतील असं समजून माणशी रक्कम काढा. करार करण्याआधी परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती घ्या. लग्नसराईत हीच बस वऱ्हाडाला जाते, म्हणून बदली गाडीची अट करारात शब्दशः लिहा.

एका गाडीत चौघं

भुसावळहून विद्यापीठ सुमारे पस्तीस किलोमीटर, जाऊन-येऊन सत्तर. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि मोटारीचं ॲव्हरेज पंधरा धरलं तर किलोमीटरला सात रुपये, दिवसाला ४९०, बावीस दिवसांचे १०,७८०. चौघांत वाटले तर प्रत्येकी २,६९५. हा हिशोब प्रत्येकाच्या हातात कागदावर द्या, सांगून पटत नाही.

टोलही वाटून घ्या. राष्ट्रीय महामार्गांवर खासगी मोटारींना १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक फास्टॅग पास मिळतो (सुरुवातीचा दर ३,००० रुपये), वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. नाका एकदा ओलांडला की एक फेरी, म्हणजे त्या दराने ओलांडणीला पंधरा रुपये. एकच गाडी रोज जात-येत असेल तर महिन्याला ४४ फेऱ्या होतात आणि पास साडेचार महिन्यांत संपतो. वर्ष पुरेल अशा समजुतीत राहू नका.

पैशांची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे पैसेच न देणं. चौघांकडे गाड्या असतील तर प्रत्येकाची एक आठवडा. ज्याच्याकडे गाडी नाही तो दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम देईल. रोज पन्नास-शंभर गोळा करणं आठ दिवसांत बंद पडतं, कारण मागणाऱ्याला लाज वाटते आणि देणारा विसरतो.

वाटणी खर्चापुरतीच ठेवा. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीने भाडं घेणं म्हणजे परमिटशिवाय प्रवासी वाहतूक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ मध्ये ते बसत नाही, आणि खासगी गाडीच्या विमा पॉलिसीतही भाड्याने वापर वगळलेला असतो. दुसरी तपासणी विम्याची. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर गाडीत बसलेले सहकारी आणि स्कूटरवर मागे बसलेला माणूस यांना तिचं संरक्षण सहसा मिळत नाही, त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. गटात गाडी घेण्याआधी पॉलिसीचं पहिलं पान बघा. हा विषय काढताना लोक संकोचतात. अपघातानंतर काढण्यापेक्षा बरा.

नियम थोडेच, पण लेखी, आणि व्हॉट्सॲप ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवलेले:

– उद्या येणार नसाल तर आज रात्री नऊपर्यंत कळवायचं.
– ठरलेल्या जागी तीन मिनिटं थांबायचं, मग गाडी निघणार. फोन करत बसायचं नाही.
– घरासमोरून कोणालाही घ्यायचं नाही. सगळ्यांनी मुख्य रस्त्यावर यायचं.
– तंबाखू, गुटखा गाडीत नाही.
– गाडीवाल्याला अचानक थांबावं लागलं तर बाकीच्यांनी परतीची हमी वापरायची.

तिसरा नियम किरकोळ वाटतो, गट मोडतात ते मात्र त्यावरच. गल्लीत शिरून, वळून, हॉर्न वाजवून एकेकाला घ्यायचं म्हणजे माणशी पाच-सात मिनिटं. चौथा माणूस बसेपर्यंत पहिला वैतागलेला असतो. पुढच्या सीटवर कोण बसणार हेही आधीच ठरवून टाका. हसू नका, हुद्द्यांची उतरंड गाडीत पण येते. आळीपाळीने बसावं.

महिला कर्मचाऱ्यांना गट निवडण्याची मुभा हवी आणि त्यांचे मोबाइल नंबर सगळ्या यादीत फिरवू नयेत. जोड्या लावण्याचं काम आस्थापना विभागातल्या एका व्यक्तीकडे द्या. कॉलनीचं नाव आणि वेळ जुळली की दोघांना विचारून मगच नंबर द्यायचा.

मोबदला म्हणून पार्किंग द्या. प्रशासकीय इमारतीजवळची सावलीतली पहिली रांग 'तीन किंवा जास्त माणसांच्या गाडीसाठी'. आपल्याकडच्या उन्हात सावलीतल्या जागेइतकं आकर्षक बक्षीस नाही. फक्त ती रांग अधिकाऱ्यांच्या गाड्यांनी भरता कामा नये. भरली तर पाटी काढून टाका, उगाच चेष्टेचा विषय होतो. पार्किंगला शुल्क लावण्याचा विचार पहिल्या वर्षी तरी मनात आणू नका. वाहतूक भत्ता कोणत्याही वाहनाने आलं तरी पगारात येतोच, त्यामुळे शुल्क लोकांना नुसता दंड वाटतो आणि संघटना सगळीच योजना उधळते.

रेल्वे

जळगाव स्टेशनपर्यंत रेल्वेने येणारे पुष्कळ आहेत, कारण मुंबई-भुसावळ आणि सुरतेकडची अशा दोन्ही लाइनी तिथे मिळतात. अडचण स्टेशनपासून पुढे. अमळनेर-धरणगावकडून येणाऱ्यांनी पाळधी स्टेशनचा विचार करावा. ते जळगावच्या आधी लागतं आणि विद्यापीठही शहराच्या त्याच बाजूला आहे. जळगावात उतरून उलटं मागे येण्यापेक्षा तिथून हायवेने येणं जवळ पडतं. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा तुमची गाडी पाळधीला थांबते आणि त्या वेळी बाहेर वाहन उभं असतं. आठ-दहा जण एकाच पॅसेंजरने येत असतील तर एक रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवा. सीझन पास सगळ्याच एक्स्प्रेसना चालत नाही आणि आरक्षित डब्यात तर नाहीच, हे नव्याने पास काढणाऱ्याला आधी सांगा. टीसीने दंड केला की दुसऱ्या दिवशी माणूस मोटारसायकलवर.

गेटच्या आत

बस गेटवर सोडते आणि विभाग एक-दीड किलोमीटर आत असेल तर मे महिन्यात ते अंतर कोणी चालत नाही. बॅटरीची गाडी सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास फिरवली तरी काम भागतं, दिवसभर नको. लेड-ॲसिड बॅटऱ्यांची ई-रिक्षा असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर आठवड्याला तपासा, एप्रिल-मे मध्ये दोनदा. पाणी प्लेटच्या खाली गेलं की बॅटरी कायमची कमजोर होते. बंद पडलेल्या ई-रिक्षांत बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते आणि बॅटऱ्या कोरड्या. हे काम कोणाचं ते नावानिशी ठरवा, 'विद्युत विभाग' असं लिहून भागत नाही.

सामायिक सायकलींचंही तेच. नॅकच्या (उच्चशिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) सातव्या निकषात वाहनांना मर्यादित प्रवेश, सायकल आणि बॅटरीची वाहनं, पादचारी मार्ग या गोष्टी विचारल्या जात आल्या आहेत, म्हणून वीस सायकली घेतल्या जातात, फीत कापली जाते, फोटो अहवालात जातो. पावसाळ्यानंतर त्या वसतिगृहामागे गंजलेल्या दिसतात. वीस सायकली घेण्यापेक्षा बारा घ्या आणि उरलेल्या पैशात गावातल्या एका सायकल मिस्त्रीला आठवड्यातून एक दिवस बोलवा.

सायकल: कुठे हो, कुठे नाही

हे स्पष्ट सांगायला हवं: जिथे सलग सर्व्हिस रोड नाही अशा हायवेवर अवजड वाहनांच्या बरोबरीने कोणालाही सायकल चालवायला लावू नका, स्पर्धा-बिर्धा तर नकोच. शहरातून विद्यापीठाकडे येणाऱ्यांसाठी बस किंवा सामायिक गाडी बरी. सायकल आवारातल्या निवासस्थानांत राहणाऱ्यांसाठी, जवळच्या गावांतून आतल्या रस्त्याने येणाऱ्यांसाठी, आणि अमळनेर, धुळे, नंदुरबार, शहादा अशा ठिकाणी जिथे घर ते कॉलेज दोन-चार किलोमीटर आहे त्यांच्यासाठी. तिथे सायकल मोटारसायकलपेक्षा फार तर पाच-सात मिनिटं जास्त घेते.

आपल्याकडे सायकल सुटते ती पंक्चरमुळे. वेडी बाभूळ आणि सराटे. रस्त्याच्या कडेची माती उन्हाळ्यात उडून डांबरावर येते आणि तिच्यात काटे असतात. उपाय तीन: कडेच्या मातीतून न चालवता डांबरावर राहणं, ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालणं, टायर आणि ट्यूबच्या मध्ये जाड पट्टी बसवणं. काटा दिसला की तो लगेच उपटू नका. सीलंट असेल तर उपटून चाक दोन-चार वेळा फिरवा म्हणजे द्रव भोकाशी येतो. नसेल तर काटा तसाच ठेवून दुकानापर्यंत जा, हवा सावकाश जाते. साध्या उभ्या सायकलला मागे पन्नास-पंचावन्न पीएसआय, पुढे पाच कमी. टायरच्या कडेला छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नये. हवा कमी असेल तर काटा जास्त रुततो आणि पायही भरून येतात.

सीटची उंची बहुतेकांची चुकलेली असते. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली तर पॅडल खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा दुखतो अशी तक्रार करणाऱ्यांची सीट बहुधा खाली असते.

पावसाळ्यात काळी माती. कच्च्या वाटेवरून शंभर मीटर आलं तरी मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल कोंबला जातो आणि चाक फिरत नाही. पक्का रस्ता लांबचा असला तरी तोच घ्या, हँडलला एक काडी बांधून ठेवा. भिजलेली साखळी पुसून तेल घाला. रॉकेलने धुऊन तशीच सोडली तर दोन दिवसांत तांबते.

बॅटरीची स्कूटर

चार्जिंग पॉइंट बसवण्याआधी ते कोणासाठी हे ठरवा. स्कूटर किलोमीटरला साधारण ३०-३५ वॅट-तास खाते (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). जळगाव शहरातून येणाऱ्याचे रोजचे सोळा किलोमीटर म्हणजे जेमतेम अर्धा युनिट. तीन युनिटची बॅटरी असेल तर तो चार दिवसांतून एकदा घरीच चार्ज करेल. ऑफिसात पॉइंट लागतो तो सत्तर किलोमीटरवाल्याला. त्याला कागदावर अडीच युनिट पुरतात, पण हायवेच्या वेगाने आणि समोरच्या वाऱ्याने खप वाढतो.

खिडकीतून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जिंग होऊ देऊ नका. प्रत्येक पॉइंटला सोळा अँपिअरचं सॉकेट, वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की तोडणारा) आणि तपासलेलं अर्थिंग. एक चार्जर साधारण पाऊण किलोवॉट धरला तर दहा पॉइंट म्हणजे साडेसात किलोवॉट. मंजूर भार बघून घ्या. सब-मीटर लावून युनिटचे पैसे घ्या, फुकट दिलं की शहरातलेही घरचं चार्जिंग सोडून इथे रांग लावतात. वर सौर पॅनेलची शेड केली तर सावली आणि वीज दोन्ही मिळते, एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा. उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नये. अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्यावी, तापलेली लिथियम बॅटरी चार्ज केली की तिचं आयुष्य घटतं.

केव्हा सुरू करायचं

दिवाळीनंतर. जूनमध्ये प्रवेश, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, मे मध्ये ऊन आणि लग्नं. नोव्हेंबर ते जानेवारी हवा थंड असते आणि सवय लागायला सलग आठ आठवडे मिळतात. पहिल्या वर्षी एकच रस्ता घ्या, ज्या रस्त्यावर माणसं जास्त आणि वेळा जुळणाऱ्या आहेत तो. पाचही दिशांना एकदम हात घातला तर पाचही अर्धवट राहतात. एप्रिल लागला की सायकलवाल्यांना सकाळी लवकर येऊन लवकर जाण्याची मुभा द्या. दुपारी एक ते पाच कोणालाही सायकलने पाठवू नका, त्या वेळेला परतीची हमी लागू करा.

वही

दर महिन्याला एक दिवस गेटवर तीच मोजणी, त्याच रकान्यांत. समितीच्या बैठकीपुरता कार्बनचा आकडा हवा असेल तर एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलला २.७ किलो. भुसावळची एकट्याची मोटार रोज ४.६७ लिटर म्हणजे पावणेअकरा किलो, चौघे बसले तर माणशी २.७. बॅटरीच्या स्कूटरचं शून्य लिहू नका. ग्रिडची वीज युनिटला सुमारे ०.७ किलो धरली तर किलोमीटरला वीस-पंचवीस ग्रॅम पडतात, पंचेचाळीसचं ॲव्हरेज देणाऱ्या मोटारसायकलचे एक्कावन्न. वाचलेल्या गाड्यांपेक्षा एक रकाना जास्त काळजीने बघा: मागच्या महिन्यात नोंदणी असलेले आणि या महिन्यात पुन्हा एकटे गाडीने आलेले. त्यांना फोन करा आणि कोणत्या दिवशी, कशामुळे, एवढं विचारून वहीत लिहा. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या संध्याकाळचं असतं.